लुसिनाचे हात

हसता हसता सगळ्या दालनाने बोटांत बोटं गुंफली. पुढच्या बाकांवरचे म्हातारे सिनेटर, खांबांना टेकलेले त्यांचे पुतणे-भाचे, मागे पडद्याच्या कडेला बसलेल्या आम्ही बायका, सगळ्यांनीच. कारण ऑलसने ती ओळ म्हणताना स्वतः तसं करून दाखवलं होतं. गुडघ्यावर गुडघा, त्यावर दोन्ही हात, आणि बोटं एकमेकांत अशी अडकवलेली की जणू घराला आतून कडी. ऑलस माझा धाकटा भाऊ. त्याचा आवाज लागला की ऐकणाऱ्याला स्वतःचं अंग राहत नाही, ते त्याचं होतं. तो मान वळवतो तिकडे माना वळतात. आज सकाळी एका धनवान यजमानाच्या दालनात तो आपलं नवं आख्यान पहिल्यांदा चारचौघांत म्हणत होता, आणि आख्यान होतं आमच्या लुसिनाचं, बाळंतिणीच्या देवीचं. ज्युपिटरपासून एका परक्या बाईला दिवस गेलेत. जुनो राणीला ते सहन होत नाही. ती लुसिनाला पाठवते, जा, तिच्या उंबऱ्यावर बस. लुसिना बसते, हात-पाय गुंफून. जोवर ती गाठ तोवर बाळ नाही. आत बाई अडलेली, बाहेर देवी बसलेली, सहा दिवस, सात दिवस. मग घरातली एक चुरचुरीत मोलकरीण बाहेर येते आणि देवीच्या जवळ बसून हळूच ज्युपिटरच्या भानगडी सांगू लागते. नीट ऐकू यावं म्हणून देवी हात उचलून कानामागे धरते, आणि झालं, गाठ सुटली, बाळ बाहेर. त्या जागेपर्यंत तो अजून पोचला नव्हता, पण मला पाठ होतं. घरात पाच महिने हेच चाललं होतं. आणि मी हसत होते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते, तेव्हा आमचा दारवान डामा पडद्यामागून वाकला आणि म्हणाला, "थोरल्या बाई, घरी चला. पुल्लाताईंना कळा लागल्यात. पहाटेपासनंच होत्या म्हणे, कुणाला बोलल्या नाहीत."

मी उठायला गेले आणि उठता येईना. बोटं सुटत नव्हती. क्षणभरच, पण खरंच सुटत नव्हती. घामाने चिकटली असतील, म्हातारपणी सांधे धरतात तसे धरले असतील. मी त्यांच्याकडे पाहिलं. ती माझी बोटं होती आणि ती एका पोटुशीच्या आत्याची बोटं होती. गरोदर बाईच्या नात्यातल्या माणसाने अशी बोटं गुंफून बसू नये, हे आमच्यात दूध पिणाऱ्या पोरालाही शिकवावं लागत नाही. ऑलसच्या लेकीला, पुल्लाला सातवा लागल्यापासून मी घरात कुणाला चपलेचा बंदसुद्धा आवळू दिला नव्हता. आणि इथे शंभर माणसं, माझ्यासकट, त्याच घटकेला. मी बोटं ओढून सोडवली. ऑलसने मला उठताना पाहिलं, डामालाही पाहिलं, त्याला कळलं. पण आवाज हलला नाही. आख्यान सुरू केलं की मध्येच सोडायचं नाही, हे त्याला मीच शिकवलं होतं.

रस्त्यात मी केस सोडले. मग कमरेचा पट्टा, मग चपला, त्याही हातात घेतल्या. डामा म्हणाला, "बाई, लोक बघतायत." बघू देत. पण सोडून सोडून किती सोडणार? सगळं शहर गाठीगाठींनी बांधलेलं होतं, हे मला आज दिसत होतं. लसणाच्या माळा, कोंबड्यांचे पाय, हमालांच्या पाठीवरची गाठोडी, वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोऱ्या या सज्ज्यापासून त्या सज्ज्यापर्यंत आवळलेल्या. एका वळणावर मेंढरांचा कळप आणि लाकडाचा हातगाडा समोरासमोर अडकले होते, मागचे पुढे येईनात आणि पुढचे मागे जाईनात, आणि मला ते पाहून पोटात कळ आली. सुरईवाला भिंतीशी उभा राहून म्हणाला, "मावशी, केस मोकळे सोडून कुठं? लग्न की मयत?" मी तशीच पुढे निघाले. दोन्हीकडे केस मोकळे सोडतात आणि तिसरीकडेही सोडतात, हे त्याला कुणी बाळंत झाल्याशिवाय कळायचं नव्हतं.

घराच्या आधी टेकडी लागते आणि टेकडीवर लुसिनाचं देऊळ. मी डामाला पुढे पाठवलं आणि वर चढले. पायरीशी बसून अंगावर कुठे गाठ राहिली नाही ना ते चाचपलं, कारण गाठ घेऊन तिच्यासमोर जात नाहीत. आत तेलाचा आणि जुन्या दगडाचा वास. तिची प्रार्थना मला माझ्या श्वासासारखी पाठ आहे. लहानपणी मुलींच्या मेळ्यात मी ती चालीवर म्हटली आहे, पांढरे कपडे घालून, टाळ्यांच्या ठेक्यावर. शब्द असे, ठेका असा, इथे उजवा पाय, इथे श्वास. एक शब्द चुकला तर पहिल्यापासून. आमचे देव असेच आहेत, म्हणजे होते. त्यांना गोष्टी नव्हत्या, कामं होती. बिजागरीची देवी वेगळी, उंबऱ्याचा देव वेगळा, बाळाचा पहिला ट्याहा ज्याच्या हाती तो वेगळा, पाळण्याची वेगळी. कुणाची बायको कुणाबरोबर गेली, हे आम्हाला माहीत नव्हतं आणि आम्ही विचारलं नव्हतं. त्यांचं काम त्यांनी करावं, आपले शब्द आपण बरोबर म्हणावेत. मग समुद्रापलीकडून गोष्टी आल्या, आणि आमच्या कवींनी त्या आमच्या देवांच्या अंगावर चढवल्या, दुसऱ्याचे अंगरखे चढवावेत तशा. कुठे ढगळ, कुठे तंग. आमच्यात जुनो आणि लुसिना एकच. जुनोच लुसिना होऊन दिवा दाखवते. ऑलसने त्या दोघी केल्या, एक मालकीण आणि एक तिची हुकमाची बाई. मी म्हटलं होतं, "अरे, ही एकच आहे." तो म्हणाला होता, "ताई, एकच असली तर भांडण कुणाशी?"

मी हात पसरले आणि सुरुवात केली. जुनो, लुसिना, किंवा ज्या नावाने तुला बोलावलेलं आवडत असेल त्या नावाने. पुढचे चार शब्द आले. मग समोरच्या मूर्तीच्या मांडीवर मला दोन हात दिसले, बोटांत बोटं अडकलेले. मूर्ती उभी आहे. तिच्या एका हातात बाळ आहे. मला हे ठाऊक आहे आणि मी ते पाहत होते, आणि तरी ती बसलेली होती. शब्द निसटला. मी पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी नावाशीच अडखळले, कारण माझं आणि भाचीचं नाव एकच, व्हिबिदिया. आमच्या घराण्यातल्या सगळ्या मुली व्हिबिदिया, पुल्ला हे नुसतं लाडाचं. व्हिबिदियाला मोकळी कर, असं मी म्हणत होते, आणि उंबऱ्यावरची ती बाई मान वाकडी करून माझ्याकडे पाहत होती, कुठल्या व्हिबिदियाला, जिची कूस कधी उघडलीच नाही तिला? पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा शेवटपर्यंत गेले, पण शब्द मी म्हणत होते की ऑलसच्या आवाजात ते माझ्याकडून म्हटले जात होते, ते मला सांगता आलं नसतं.

एकोणीस वर्षांपूर्वी मी याच जागी उभी राहून एकही अक्षर न चुकता प्रार्थना म्हटली होती. सेस्तिया अडली होती, ऑलसची बायको. बाळ आलं. सेस्तिया सातव्या दिवशी गेली, पुल्लाचं नाव ठेवायचं होतं त्याच्या आदल्या दिवशी. मला राग आला नव्हता. राग यायला समोर कुणी तरी लागतं. ते भिंतीशी बोलल्यासारखं होतं, आणि भिंतीवर कोण रागावणार? त्या हिवाळ्यात तान्ही पुल्ला माझ्या मांडीवर, आणि ऑलस रोज संध्याकाळी चुलीपाशी बसून सीरिस देवीची गोष्ट सांगायचा, तिची मुलगी पाताळात नेली ती. सीरिस शोधत फिरते, पायात काटे, तोंडाला पाणी नाही. त्या आधी सीरिस म्हणजे मला धान्य होतं. त्याच्या तोंडून ऐकली तेव्हा ती बाई झाली. तिला मी पाहू शकले, आणि पाहिल्यावर रडू शकले. म्हणून मी कुणाला म्हणू देत नाही की कवी देव बाटवतात. मला तर त्यांनीच देवाचं तोंड दाखवलं. पण तोंड दिलं की ते वळवताही येतं, हे मला आज टेकडी उतरताना कळत होतं आणि पावलं भराभर पडत नव्हती.

घरात सगळी दारं, पेट्या, बरण्यांची झाकणंसुद्धा उघडी. सुईण होराया उघड्या दंडांनी बाहेर आली, हात पुसत म्हणाली, "पाणी गेलंय, कळा चांगल्या आहेत, बाळ डोक्याकडून आहे. सगळं जिथल्या तिथं आहे आणि काही हलत नाही. असं मी फार वेळा बघितलं नाही." पुल्ला खुर्चीवर होती, बाळंतपणाच्या, मधे खाच असलेल्या. तिचा नवरा बंदरावर माल घेऊन गेलेला, परतायला चार दिवस. तिने मला पाहिलं आणि हसायचा प्रयत्न केला. "आत्या, कसं झालं? हसले का लोक?" मी म्हटलं, "हसले." ती म्हणाली, "गुडघ्याच्या जागेला?" मी मान हलवली. कळ आली आणि तिचं तोंड भलतंच झालं, कुणा दुसरीचं, आणि कळ गेल्यावर ती हळूच म्हणाली, "मग तिला ऐकू गेलं असेल."

दुपार उलटली. तेलाचे हात, गरम पाण्याची फडकी, पोटावर शेक, पुन्हा तेल. मी तिच्या मागे उभी राहून काखेत हात घालून तिला धरलं होतं आणि माझी बोटं तिच्या छातीवर एकमेकींना शिवू नयेत म्हणून मी ती ताठ धरली होती, इतकी ताठ की त्यात मुंग्या आल्या. होराया आता गप्प झाली होती. बोलकी सुईण गप्प झाली की घरातली भांडीसुद्धा गप्प होतात. ऑलस आला तो डोक्यावर फुलांची माळ घेऊनच, लोकांनी घातलेली. पडवीत मी ती ओढून काढली. त्याने विचारलं, "कसं आहे?"

"अडली आहे."

तो भिंतीला टेकला. मी म्हटलं, "शंभर माणसांनी बोटं बांधली तू सांगितलंस म्हणून. मी बांधली. घरात पोर दिवस भरून बसलेली."

"ताई, गोष्ट आहे ती."

"मग आत जाऊन तिला सांग, की गोष्ट आहे."

तो बोलला ते इतकं हळू की मला पुढे वाकावं लागलं. "मी तिला बसवली नाही. ती बसलेलीच होती. एकोणीस वर्षांपूर्वी, याच दारात. मी ये-जा करताना तिला ओलांडत होतो. तू देवळात गेलेलीस, तुझे शब्द बरोबर होते, आणि ती उठली नाही. मी काय करू शकत होतो? देवीला मारता येत नाही. हसता येतं. म्हणून तिला चहाड्या ऐकणारी म्हातारी केली, सगळ्यांना हसवलं. मला वाटलं, इतकं हसल्यावर ती उठून जाईल." पाच महिने मी ते आख्यान ऐकून हसले होते आणि त्यात सेस्तिया आहे हे मला एकदाही दिसलं नव्हतं.

आतून पुल्लाची हाक आली, "बाबा." पुरुष त्या खोलीत जात नाहीत. तो पडद्याशी जाऊन उभा राहिला, कपाळ जवळजवळ कापडाला लागलेलं. मी आत तिच्यामागे गेले.

"बाबा, ती उंबऱ्यावर बसलीय. उठव तिला."

"पुल्ला, मी ते खोटं..."

"उठव ना. तूच बसवलीस."

होराया माझ्याकडे पाहून म्हणाली, "सांगू देत काही. तिचं लक्ष तिकडेच आहे, खाली लागतच नाहीये." मग पडद्याकडे तोंड करून, "कविराज, सुरू केलंत तर मधे सोडू नका. अर्धवट गोष्टीने बाई जास्त अडते."

त्याने सुरू केलं. नेहमीचीच सुरुवात, ते दगडी शहर, ते बंद दार, आत बाई. पण आवाज लागेना. सकाळी ज्या आवाजाने शंभर माणसं बांधली तो आता खरखरत होता, जात्यात खडा आल्यासारखा. लुसिना येते. उंबऱ्यावर बसते. गुडघ्यावर गुडघा. बोटांत बोटं. माझ्या हातांत पुल्लाचं सगळं अंग आवळलं गेलं, आणि मला वाटलं की पडदा फाडून याचं तोंड दाबावं. तो पुढे गेला. मोलकरीण बाहेर येते, देवीच्या कानाशी लागते, म्हणते, बाई, ऐकलंत का...

"नको," पुल्ला म्हणाली. "ते नको. तिथे लोक हसतात."

तो थांबला. आता त्याच्याकडे पुढे काही नव्हतं. मला पडद्यामागचा त्याचा श्वास ऐकू येत होता. देवी उंबऱ्यावर बसलेली आहे, हात बांधलेले आहेत, आख्यान सुरू झालेलं आहे, आणि ते हात फसवल्याशिवाय कसे सोडवायचे ते त्याला माहीत नाही. इतकी वर्षं त्याने देवांना फसवून, लाजवून, पळवून गोष्टी पुढे नेल्या होत्या. दुसरी वाट त्याच्या हाताला लागत नव्हती. त्याने "मग" म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा "मग" म्हटलं. कळ आली आणि गेली, काही हललं नाही, आणि होरायाने खालून वर पाहिलं तेव्हा तिच्या तोंडावर मी सेस्तियाच्या वेळचं काही तरी पाहिलं. मला प्रार्थना आठवेना. एक शब्दही आठवेना. मी नुसती बोटं ताठ धरून उभी होते.

पुल्लाने डोकं माझ्या पोटावर टेकलं. डोळे मिटलेले. ओठ फुटले होते. "बाबा," ती म्हणाली, "किती दिवस बसलीय ती?"

"सात."

"सात दिवस दारात बसलीय." तिने फुटलेल्या ओठांवरून जीभ फिरवली. "तिला कुणी पाणी विचारलं का?"

पडद्यामागे काही आवाज नाही. मला वाटलं तो गेला. मग तो बोलू लागला, आणि तो आवाज मी ओळखला नाही आणि लगेच ओळखला. चुलीपाशी, हिवाळ्यातला, कुणाला जिंकायचं नसलेला. वृत्त नव्हतं, चाल आपोआप येत होती, ओवी सुचत सुचत दळणारीला येते तशी. नाही, तो म्हणाला, कुणी विचारलं नाही. सगळे तिला ओलांडून जात होते. काही तिला शिव्या देत होते, काही हात जोडत होते, पण दोघांनाही तिच्याकडून काही हवं होतं. सातव्या दिवशी मोलकरीण चुलीवरून जवाची पेज घेऊन निघाली, आतल्या बाईसाठी, आणि आतल्या बाईला ती जाईना, तशीच परत आणली. दारात ही म्हातारी. पाय सुजलेले. मोलकरणीला ती कोण ते ठाऊक नाही. तिला वाटलं, कुणी वाटसरू असेल, बसलीय बिचारी. ती खाली बसली आणि म्हणाली, आजी, गरम आहे, घ्या दोन घोट. आणि वाटी पुढे केली.

"मग?" पुल्ला म्हणाली.

"वाटी घ्यायला हात मोकळे लागतात."

"मग घेतली का तिने?"

तो थांबला. मी त्याला लहानपणापासून ओळखते. त्याच्या गोष्टीतल्या देवीने पुढे काय करायचं हे त्याला नेहमी आधी माहीत असतं, तो फक्त आपल्याला ताटकळत ठेवतो. पण तो म्हणाला, "माहीत नाही, बाळ. वाटी पुढे धरलेली आहे. तिला राणीचा हुकूम आहे. ती वाटीकडे बघतेय. वाफ तिच्या तोंडावर येतेय. मी इथून बघतोय, आणि मला नाही माहीत." त्याचा आवाज फाटला तिथे. आणि मला ती दिसली, आमच्या दारात, आमच्या झिजलेल्या उंबऱ्यावर; सात दिवसांची, एकोणीस वर्षांची दमलेली, जिला कुणी तरी इथे बसायला सांगितलं होतं आणि ऊठ म्हणायला विसरलं होतं. मी तिच्यावर रागावलेले नव्हते. मी तिला म्हटलं, घ्या हो बाई, निवेल.

"आता," होराया म्हणाली. "आता, पोरी, खाली. खाली दे." आणि पुल्ला ओरडली, सगळ्या दिवसात पहिल्यांदा मोकळी ओरडली. माझे हात तिच्याभोवती होते आणि मी बोटांचं विसरले होते. मग ओलं, गरम, घसरतं असं काही तरी खाली झालं, शांतता, फारच लांब शांतता, आणि होरायाने चापट मारल्यावर एक बारीक, चिडका, अगदी तऱ्हेवाईक आवाज. मुलगी. व्हिबिदियाची मुलगी. रक्त जास्त गेलं नाही. पुल्लाने मागे मान टाकून माझ्याकडे उलटं पाहिलं आणि म्हणाली, "आत्या, मला भूक लागलीय."

उन्हं उतरली होती. मी पाय धुऊन पडवीत आले तर तिघेजण दाराशी तयार उभे. बाळंतिणीच्या घरी संध्याकाळी हे करावंच लागतं. रानातला देव सिल्व्हानस वास काढत येतो, त्याला आत येऊ द्यायचं नाही, म्हणून एकाने उंबऱ्यावर कुऱ्हाड हाणायची, दुसऱ्याने मुसळ, तिसऱ्याने झाडू मारायचा. शेजारचा भटारी लुर्को मुसळ खांद्यावर टाकून आला होता. डामाकडे झाडू. कुऱ्हाड ऑलसच्या हातात, आणि ती त्याला जड होत होती.

"कविराज, दांडा असा नव्हे, असा," लुर्को म्हणाला. "पाय तुटला तर वृत्त चुकेल तुमचं."

ऑलस हसला. त्याचे डोळे अजून लाल होते. त्याने पाय रोवले, कुऱ्हाड डोक्यावर नेली.

"थांब," मी म्हटलं.

तो तसाच थांबला. लुर्को माझ्याकडे बघू लागला, डामाही. मी दाराकडे पाहत होते. तिथे काही नव्हतं, दगड होता, मधोमध झिजलेला, त्यावर शेवटचं ऊन.

"काय झालं, ताई?"

"घाई करू नका," मी म्हटलं. "तिचं पिऊन होऊ दे."

ऑलसने एकदा उंबऱ्याकडे पाहिलं आणि कुऱ्हाड हळूच खाली घेतली. लुर्कोने मुसळ भिंतीला टेकवलं. आम्ही चौघं दारापासून जरा बाजूला सरून उभे राहिलो.